दवाखान्यात बंदूक आली तर: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्या डॉक्टर-परिचारिकांसाठी

कुडाळ तालुक्यातल्या एका वाडीत, सासरच्या घराच्या पडवीला लागून मी दवाखाना सुरू केला त्याला आता एकोणीस वर्षं झाली. कॉलेजात सर्पदंश शिकले, लेप्टो शिकले, विंचवाचं विष कसं उतरवायचं ते शिकले. बंदूक खांद्याला लावून तपासायला आलेल्या माणसाशी कसं वागायचं, ते मात्र कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखाना उघडून दोन महिने झाले असतील. काजूचा हंगाम होता. सकाळी आठच्या सुमाराला एक साठीचे गृहस्थ आले. रात्रभर बागेत राखणीला बसले होते, अंगात ताप होता, घरी न जाता तसेच थेट आले. बाकावर एक बाई तिच्या दीड वर्षाच्या मुलाला घेऊन बसली होती. त्यांनी बंदूक तिच्या शेजारी भिंतीला टेकवून ठेवली. मी दचकून पाहिलं तर म्हणाले, "रिकामी आसा बाय, भिया नको." लादी नवी, गुळगुळीत. बंदूक घसरली आणि नळी बाकाच्या दिशेला करून आडवी पडली. बार उडाला नाही. त्यांनी ती उचलून नळी मधून मोडून उघडली तेव्हा आत काडतूस होतं. ते स्वतःच मटकन खाली बसले. "माका म्हाईत नाय हुता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

त्या माणसाने लबाडी केली नव्हती. त्याला खरोखरच ती रिकामी वाटत होती. त्या दिवसापासून जे काही शिकले, चुकले, पोलिसांना आणि वकिलांना विचारून घेतलं, ते इथे क्रमाने लिहिते आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात बंधपत्रावर आलेले तरुण डॉक्टर, नव्या परिचारिका आणि स्वतःचा दवाखाना टाकणारे, सगळ्यांसाठी.

१. बंदूक कोण आणतं, ते आधी ओळखा

आपल्याकडे बंदूक म्हटलं की बहुतेक वेळा शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची काडतुसाची बंदूक, सिंगल बॅरल किंवा डबल बॅरल. काही जुन्या घरांत अजून ठासणीची बंदूक असते. भात पोटरीला आलं की रानडुकरं, काजू-नारळाला माकडं, आणि आता गवे. राखणीला जाणारा माणूस घरातून निघताना कोयता घेतो तशी बंदूक घेतो, आणि वाटेत दवाखाना लागला तर तसाच आत शिरतो. त्याच्या मनात काहीही वाईट नसतं.

याखेरीज बँकेचे आणि एटीएमची रोकड नेणाऱ्या गाडीचे रक्षक येतात, त्यांच्यातले पुष्कळसे निवृत्त फौजी. ड्युटीवरचे पोलीस येतात, कधी स्वतः आजारी म्हणून, कधी आरोपीला वैद्यकीय तपासणीसाठी घेऊन. निवडणुकीची आचारसंहिता लागली की छाननी समितीच्या आदेशाप्रमाणे परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. त्या आठवड्यात तालुक्याच्या गावी गेलेले लोक "आलोच आहे तर बीपी पण दाखवतो" म्हणून बंदुकीसकट दवाखान्याची पायरी चढतात. ते दिवस लक्षात ठेवा.

आणि एक गट असा की जो बंदूक दाखवत नाही. रात्री शिकारीला गेलेले. त्यांच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

२. कुणी येण्याआधीची तयारी

हे एका दुपारचं काम आहे, पण ते न करता पुढचं काहीच जमत नाही. एवढं जवळ ठेवा:

- दाराबाहेर, पायरीवरून वाचता येईल असा फलक. माझ्याकडचा मजकूर असा: "बंदूक किंवा हत्यार सोबत असल्यास आत येऊ नये. बाहेर थांबून हाक मारावी. डॉक्टर बाहेर येऊन तपासतील."
- पडवीत किंवा व्हरांड्यात, गर्दीपासून बाजूला एक खुर्ची, बीपीचं यंत्र आणि टॉर्च.
- ठळक अक्षरांत भिंतीवर नंबर: पोलिसांसाठी ११२, रुग्णवाहिकेसाठी १०८, मानसिक आरोग्याच्या मदतीसाठी टेली-मानस १४४१६, तुमच्या पोलीस ठाण्याचा आणि बीटच्या, म्हणजे तुमचा भाग सांभाळणाऱ्या, अंमलदाराचा थेट नंबर. ११२ लागतो, पण आमच्या भागात बीटचा माणूस लवकर पोचतो.
- एमएलसी (पोलिसांना कळवावी लागणारी वैद्यकीय प्रकरणं) रजिस्टर आणि पोलिसांना कळवण्याच्या पत्राचे कोरे नमुने.
- कागदी पिशव्या, लाखेची किंवा चिकटपट्टीची सीलबंदी, मार्कर.
- कुलूप लागणारी एक रिकामी खोली. औषधांची खोली नको, कारण ती दिवसातून पन्नास वेळा उघडावी लागते.

फलकातलं शेवटचं वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. फक्त "बंदूक आणू नये" असं लिहिलंत तर छातीत दुखणारा माणूस परत फिरेल, किंवा बंदूक गोणपाटात गुंडाळून लपवून आत आणेल. त्याला कळलं पाहिजे की बंदूक बाहेर राहील, पण उपचार मिळेल.

कंपाउंडर, परिचारिका, झाडलोट करणारी मावशी, सगळ्यांना बसवून सांगा. विशेषतः मावशींना. माझ्या दवाखान्यात दार उघडणारी पहिली व्यक्ती त्याच असतात. शिवाय एक परवलीचं वाक्य ठरवून ठेवा. आमच्याकडे "निळी वही आणा" असं म्हटलं की समोरच्या माणसाला कळू न देता मागच्या दाराने बाहेर जायचं आणि ११२ लावायचा, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

३. दारात काय बोलायचं

आवाज चढवू नका, आणि परवाना दाखवा असं म्हणून सुरुवात करू नका. ते पोलिसांचं काम आहे, शिवाय गावात अपमान झाल्याची गोष्ट तुमच्या आधी घरोघर पोचते. मी असं म्हणते: "काका, या, पडवीत बसा, मीच येते बाहेर. नळी अंगणाकडे, खाली करून धरा. चापाजवळ बोट नको." एवढं सांगून मगच पुढचं विचारते.

कोणतीही बंदूक भरलेलीच आहे असं समजून वागा, मालक काहीही म्हणो. ती रिकामी आहे का हे तपासायची वेळ आली तर मालकानेच तपासायची, तीही अंगणात, माणसं आणि घरं नसलेल्या दिशेला तोंड करून. तुम्ही किंवा तुमच्या माणसाने हात लावायचा नाही. ठासणीची बंदूक असेल तर ती तपासायच्या भानगडीतच पडू नका. ती मोडून बघता येत नाही, दारू ठासलेली आहे की नाही हे बाहेरून कळत नाही.

दुखणं साधं असेल आणि माणूस पोलीस ठाण्यात बंदूक जमा करायला निघालेला असेल तर मी म्हणते, आधी ते काम उरकून या, तुमचा नंबर मी राखून ठेवते. आणि खरोखर राखून ठेवते. दुखणं तातडीचं असेल तर पडवीतच तपासते. ताप, नाडी, बीपी, छातीला स्टेथोस्कोप, हे सगळं खुर्चीवर होतं. बंदूक कव्हरात, त्याच्याच नजरेसमोर. मुलं आणि बाकीचे पेशंट आतल्या बाजूला.

बंदूक उघडी खांद्यावर घेऊन हिंडणं नियमातही बसत नाही. २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक जागी ती पूर्ण झाकलेली आणि ताब्यात असावी लागते. बऱ्याच शेतकऱ्यांना हे माहीत नसतं. शांतपणे सांगितलं की पुढच्या वेळी कव्हर घालून आणतात.

४. बंदूक "सांभाळायला" घेऊ नका

नवीन माणूस नेमका इथे फसतो. मीही फसले. त्या काजूवाल्या काकांची बंदूक आमच्या कंपाउंडरने भल्या भावनेने उचलली आणि औषधांच्या कपाटात कुलूपबंद केली. काकांना सलाईन लावलं, संध्याकाळी बंदूक परत दिली. आठवड्याने एका ओळखीच्या पोलीस अंमलदाराला सहज सांगितलं तर तो गंभीर झाला. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगायला परवाना लागतो. परवाना काकांच्या नावाचा, आणि दिवसभर बंदूक कुलपात ठेवून किल्ली खिशात घालणारा माणूस दुसराच. काही घडलं असतं तर तो गरीब मुलगा अडकला असता.

तेव्हा टोकन देऊन बंदूक ठेवून घेण्याची मोठ्या शहरातली पद्धत इथे आणू नका. "पुतण्याकडे घरी पाठवतो" हेही मान्य करू नका, कारण पुतण्याच्या नावावर परवाना नसतो. गाडीच्या डिकीत किंवा रिक्षात मागे ठेवून येतो म्हणाले तर तेही नको. दवाखान्याबाहेर उभ्या रिक्षेत शाळेची मुलं चढून खेळतात, हे मी रोज बघते.

रुग्णाला भरती करावं लागणार असेल तर सरळ पोलीस ठाण्याला फोन करा. परवानाधारकाच्या संमतीने पोलीस बंदूक ठेवून घेतात आणि पावती देतात. पावतीवर बंदुकीचा नंबर आणि काडतुसांची संख्या लिहिली आहे ना, ते बघा. पावती रुग्णाच्या फाइलला लावा.

५. रक्षक, पोलीस आणि इंजेक्शनचा पट्टा

गणवेशातल्या माणसाकडे हत्यार असणारच. त्यामुळे आपण निर्धास्त होतो, आणि चूक तिथेच होते. कमरेला पिस्तूल असलेल्या माणसाला कुल्ल्यात इंजेक्शन द्यायचं म्हणजे पट्टा सैल करावा लागतो. पट्टा सैल झाला की म्यान सरकतं. माझ्यासमोर एकदा असं पिस्तूल म्यानासकट टेबलाखाली पडलं आहे. ईसीजीसाठी झोपवतानाही तेच. म्हणून तपासणीच्या टेबलावर घेण्याआधी विचारा, "सोबत कोण आहे? हत्यार त्यांच्याकडे देऊन या." पोलीस सहसा जोडीने असतात, आणि दुसऱ्या अंमलदाराकडे हत्यार सोपवणं त्यांना नवीन नाही. एकटाच असेल तर इंजेक्शन दंडात देता येण्याजोगं निवडा, किंवा त्याला ठाण्यातून सहकारी बोलवायला सांगा. गुंगी येणारं औषध तर हत्यार जवळ असताना कधीच देऊ नका. यात साधी उलटीची आणि खाजेची इंजेक्शनंही आली.

आरोपीला आणतात तेव्हा अंमलदाराला बाहेर जा म्हणता येत नाही. पण तो कुठे उभा राहील हे सांगता येतं. म्यानाची बाजू आरोपीच्या हाताच्या विरुद्ध दिशेला हवी आणि दोघांमध्ये टेबल हवं. गर्दीच्या वेळी अंमलदार दमलेला असतो, आरोपीला खेटून उभा राहतो. आपण नम्रपणे "साहेब, जरा पलीकडून" म्हटलं तर कुणी रागावत नाही.

एमआरआयसाठी पाठवत असाल तर चिठ्ठीवरच लाल शाईने लिहा की रुग्ण किंवा सोबतचा माणूस शस्त्रधारी आहे. २०१७ मध्ये लखनौच्या एका रुग्णालयात मंत्र्यांसोबतच्या अंगरक्षकाचं पिस्तूल एमआरआय यंत्राने खेचून घेतलं होतं. त्या यंत्राचं चुंबक बंद खोलीतही सतत चालू असतं. सोबत आलेला माणूस फक्त हात द्यायला आत शिरतो आणि घात होतो.

६. शस्त्रधारी रुग्ण भानावर नसेल तर

एका संकष्टीला सकाळी अकराच्या सुमाराला एक रक्षक आला. पन्नाशी उलटलेला निवृत्त हवालदार. मधुमेहाची गोळी घेतलेली, उपास, आणि सकाळपासून उन्हात उभा. पडवीतल्या खुर्चीवर बसला, बंदूक दोन्ही गुडघ्यांत धरलेली. घामाने डबडबलेला. नाव विचारलं तर नुसता बघत राहिला. मी जोरात म्हटलं, "बंदूक खाली ठेवा!" तशी त्याने ती आणखी घट्ट आवळली.

चूक माझी होती. साखर उतरलेल्या माणसाच्या मेंदूला आवाजातली जरब तेवढी कळते, शब्द कळत नाहीत. आणि फौजी माणसाच्या हातांना बंदूक सोडायची सवयच नसते. शेवटी मावशी साखरेचं घट्ट पाणी पेल्यात घेऊन गेल्या आणि घरच्या माणसाला म्हणावं तसं म्हणाल्या, "भाऊ, पाणी घेवा." त्याने पाण्यासाठी एक हात सोडला. घोट घोट करत पेला संपवला. दहा-बारा मिनिटांत डोळ्यांत ओळख आली, तेव्हा त्याने स्वतःच विचारलं, "मी खय आसंय?" मग स्वतःच बंदूक रिकामी करून आडवी ठेवली. तोपर्यंत बोटातून रक्त घेऊन साखर बघण्याचा आग्रह मी धरला नाही. तो गिळू शकत होता, साखर देऊन बिघडणार काही नव्हतं.

यावरून ठरवलेला क्रम असा. बाकीच्या लोकांना आतल्या दाराने हलवा. एकानेच बोला, हळू, छोटी वाक्यं, नाव घेऊन. बंदुकीचा विषय काढूच नका, हातात दुसरं काहीतरी द्या. मेंदूवर परिणाम करणारी कारणं डोक्यात ठेवा: साखर उतरणं, दारू, रक्तातल्या मिठाचं प्रमाण घसरणं, तापाचा बरळ, नुकताच आलेला झटका, पक्षाघात. हिसकावून घ्यायचा प्रयत्न करू नका, दोघंजण धावून गेलात तर हमखास बार उडेल.

माणूस बेशुद्ध असेल आणि हत्यार कमरेला असेल तर लगेच ११२. ते उपचाराच्या आड येत नसेल तर तसंच राहू द्या. आड येत असेल तर पिस्तूल म्यानातून बाहेर न काढता आख्खा पट्टाच सोडवा, तोंड माणसांपासून दूर ठेवा, चापाला स्पर्श नको, आणि त्या रिकाम्या खोलीत ठेवून कुलूप लावा. दोन साक्षीदार, वेळ, कुणी काढलं, पोलिसांना किती वाजता फोन केला, सगळं केसपेपरवर लिहा. पोलीस आल्यावर सही घेऊन द्या. आधी सांगितलेल्या "हात लावू नका" या नियमाला एवढा एकच अपवाद, तोही जीव वाचवण्यापुरता.

७. जखम गोळीची आहे, पण सांगणारा "काटा लागला" म्हणतो

पहाटे चारला दार वाजतं. तिघं-चौघं जण एकाला धरून आणतात. पोटरीला बारीक गोल भोकं. "कुंपणाची तार लागली." कपाळावरची बॅटरी अजून उतरवलेली नसते. रात्री शिकारीत झुडुपामागे हललं ते डुक्कर समजून साथीदारावर बार टाकला जातो, असे प्रकार आपल्या भागात होतात. रानडुकरासाठी लावलेल्या गावठी बॉम्बने हाताची बोटं गेलेलेही येतात.

आधी उपचार. परमानंद कटारा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे की जखमी माणूस निर्दोष असो की गुन्हेगार, डॉक्टरने तात्काळ उपचार केलेच पाहिजेत, कायद्याचे सोपस्कार नंतर. "पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही" असं म्हणणाऱ्यांच्या रांगेत तुम्ही बसू नका. रक्तस्राव दाबून थांबवा, कपडे काढून अंगाची मागची बाजूही बघा, सलाईन, धनुर्वाताचं इंजेक्शन. छर्रे शोधायला चिमटा खुपसू नका. आमच्याकडून १०८ ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात नेते. रक्तवाहिनी किंवा छाती-पोट असेल तर सावंतवाडीकडचे लोक पुढे बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजला जातात. आधी फोन करून ठेवा.

कपडे कापताना भोक असलेल्या जागेवरून कात्री चालवू नका. ते वाळवून कागदी पिशवीत घाला, प्लॅस्टिकमध्ये ओल धरते आणि पुरावा कुजतो. जखमेची जागा, माप, कडेची काजळी, दारूच्या कणांचे ठिपके, दोन ओळखखुणा, आणणाऱ्याचं नाव, वेळ, सगळं रजिस्टरमध्ये. गोळीची जखम ही एमएलसीच. पोलिसांना लेखी कळवा आणि पोच घ्या.

सोबतची मंडळी हात जोडतात. "मॅडम, गावातलीच माणसां आसत." खरं आहे, उद्या त्यांच्याच दारावरून तुम्हाला जायचं असतं. मी एकच उत्तर देते: "जखम मी लपवली तर उद्या याचा पाय गेल्यावर कागद माझ्याकडे काय असेल?" शस्त्र कायद्याच्या ३६व्या कलमाप्रमाणे या कायद्याखालचा गुन्हा माहीत असूनही सबळ कारणाशिवाय न कळवणं हे आपल्यावरही येतं. बिनपरवान्याची गावठी बंदूक समोर दिसली तरी तेच. आणि त्या लोकांची बंदूक "जरा इथे असू दे" म्हणून पडवीत ठेवून घेतलीत, तर त्यांच्याइतकेच तुम्ही त्यात आलात.

८. कुणी रागाने हत्यार दाखवलं तर

एकोणीस वर्षांत माझ्यावर ही वेळ आलेली नाही, त्यामुळे थोडक्यात. वाद घालू नका, त्याच्या आणि दाराच्या मध्ये उभे राहू नका, मागेल ते द्या, निघता येईल तसे निघा, निळी वही मागवा. तुमची खुर्ची अशी ठेवा की दार तुमच्याही जवळ असेल. महाराष्ट्रात २०१० पासून वैद्यकीय सेवेतल्या माणसांवर हिंसा करणं हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड. तक्रार त्याच दिवशी करा, पुढाऱ्यांच्या मध्यस्थीत दोन दिवस घालवू नका.

९. परवान्यासाठी दाखला मागायला आले तर

परवान्याच्या अर्जासोबत शारीरिक आणि मानसिक प्रकृतीचा दाखला लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षं झाली आहे, म्हणजे आपल्या सहीवर माणूस पाच वर्षं बंदूक वापरणार. तरी लोक नातवाच्या हाती कागद पाठवून "फक्त सही" मागतात.

माणूस समोर बसवा. नजर तपासा, मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांनी रात्री डुक्कर आणि माणूस वेगळे दिसत नाहीत. हात पसरायला सांगा, थरथर बघा. दारू किती, रोज की कधीमधी, हे त्याला आणि शक्य असेल तर घरच्यांना वेगवेगळं विचारा. फिट, भास, संशय, विसरभोळेपणा. तुमच्या आवाक्याबाहेरचं वाटलं तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा आणि तसं लिहा. मी आजवर पाच जणांना नाही म्हटलं आहे. दोघांनी डॉक्टर बदलला. बाकीचे तिघं अजून माझ्याकडेच येतात.

१०. घरातली बंदूक विचारायला शिका

सगळ्यात जास्त वेळ मी याच कामाला देते, आणि तुम्हीही द्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. पडवीत दिसणारी बंदूक निदान दिसते तरी. खरी काळजी तुळईवर किंवा पलंगाखाली ठेवलेल्या बंदुकीची, जिच्याबद्दल आपण कधी विचारतच नाही. आपल्या गावांत मुलं मुंबईला, घरात म्हातारा एकटा. बायको गेली, गुडघे गेले, झोप गेली. तो आपल्याकडे अॅसिडिटीची गोळी मागायला येतो.

माझे एक पेशंट होते, आहेत. त्यांना आबा म्हणू. बायको गेल्यावर तिसऱ्या महिन्यात आले, वजन सहा किलोने उतरलेलं. सगळ्या तपासण्या ठीक. जायला उठले आणि दारातून वळून म्हणाले, "बाय, बंदुकीचो परवानो पोराच्या नावार करूक काय लागता?" मी नुसती माहिती देऊन मोकळी झाले असते. पण त्यांच्या आवाजात आवराआवर होती. परत बसवलं. बाकीच्यांना थांबायला सांगून दार लोटून घेतलं.

मी सरळ विचारलं, "आबा, जीव द्यायचं मनात येतं का?" बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "दोनदा इला."

असं सरळ विचारल्याने कुणाच्या डोक्यात नवा विचार घुसत नाही, ही भीती मनातून काढून टाका. विचारल्यावर माणसाच्या छातीवरचा दगड थोडा सरकतो. पुढचे प्रश्न साधे आहेत: बंदूक कुठे असते? भरलेली की रिकामी? काडतुसं कुठे? घरात आणखी कोण? दारू पिता तेव्हा ती जवळ असते का? ज्यांना हे विचारायचं त्यांची माझी यादी: नुकतेच विधुर झालेले, रोज पिणारे, कर्करोगासारखं मोठं निदान नुकतंच कळलेले, कर्जात किंवा जमिनीच्या भाऊबंदकीत पिचलेले, नव्याने विसरायला लागलेले. आणि ज्या घरात बाई अंगावर वळ घेऊन येते, तिथे तिला एकटीला विचारा.

जिवावर उठलेला तो विचार बहुतेकदा लाटेसारखा येतो आणि ओसरतो. त्या लाटेच्या वेळी बंदूक हाताशी नसणं, एवढंच आपल्याला साधायचं असतं. म्हणून "उद्या बघू" नाही. आबांच्या संमतीने मी त्यांच्या मुलाला मुंबईला फोन लावला, तो रात्रीच्या गाडीने निघाला. तोवर शेजारची वहिनी सोबत राहिली. पण बंदूक मुलाने येऊन उचलून नेणं किंवा शेजाऱ्याच्या माळ्यावर ठेवणं चालणार नव्हतं, त्यांच्याकडे परवाना नाही. परवानाधारकाला स्वतःहून पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ती सुरक्षित ठेवीसाठी देता येते. मी ठाण्यात फोन करून कारण न सांगता एवढंच म्हटलं की प्रकृतीमुळे जमा करायची आहे. अंमलदार त्याच दुपारी घरी आले. आबांनी स्वतः काढून दिली, काडतुसं मोजून दिली.

रुग्णाने संमती दिली नाही तर? आधी पुन्हा बोला, घाई न करता, एकदा नव्हे तीनदा. तरीही धोका समोर दिसत असेल तर गप्प बसू नका. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात गोपनीयता आहे, तसेच जीव धोक्यात असताना किंवा दुसऱ्याला इजा होणार असेल तर आवश्यक तेवढी माहिती देण्याची मुभाही आहे. किती माहिती, कुणाला, का दिली, हे केसपेपरवर लिहा. आणि रुग्णाला एकटं घरी पाठवू नका.

बंदूक जमा केल्यावर काम अर्धंच होतं. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपली पत गेली, राखण गेली. आबांनी पहिलं विचारलं ते हेच की बागेत डुकरं आली तर काय करू. त्या हंगामात वाडीतल्या दोन पोरांनी त्यांची बाग आपल्या राखणीत घेतली, डबे वाजवले, फटाके लावले. औषध सुरू केलं, दर मंगळवारी मी त्यांना बोलवत होते, आले नाहीत तर मावशी जाऊन येत. परवानाधारक वारला तर बंदूक घरात ठेवता येत नाही, वारसांनी ती जमा करावी लागते, हेही तेव्हाच मुलाला सांगून ठेवलं. कारण बारा दिवस उलटल्यावर माळ्यावरची बंदूक कुणाच्याच लक्षात नसते, आणि मे महिन्यात नातवंडं येतात.

जमा केल्याच्या पावतीच्या तीन झेरॉक्स काढा. एक रुग्णाकडे, एक मुलाकडे, एक तुमच्या फाइलला. परत मागायला गेले तर आधी तुमच्याकडे यायचं, असं रुग्णाकडून त्याच दिवशी कबूल करून घ्या. आबा दीड वर्षाने तसे विचारायला आले. आम्ही पाऊण तास बोललो, मुलालाही फोनवर घेतलं. बंदूक अजून ठाण्यातच आहे, आणि येत्या मंगळवारी ते पुन्हा येणार आहेत.